हजेरीपटाबाहेरच्या बाया

१८५६ मध्ये मुंबईत ताडदेवला कावसजी दावरांची गिरणी सुरू झाली आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत परळ-लालबागचा पट्टा धुरांड्यांनी भरून गेला. कोकणातून, घाटावरून आलेले गडी बायकामुलांना गावीच ठेवत आणि चाळीतल्या गाळ्यात दाटीवाटीने राहत. पहिल्या पाळीवाल्याने वळकटी गुंडाळली की तिसऱ्या पाळीवाला आपली पसरायचा. झोपायची सोय झाली, पण जेवणाचं काय?

ती सोय या गिरणगावातल्या बायांनी केली. कुणी विधवा, कुणाचा नवरा बदली कामगार, म्हणजे रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं. काही जणी आधी स्वतःच गिरणीत, वाइंडिंग खात्यात होत्या. यंत्रं सुधारली, रात्रपाळीत बायकांना मनाई झाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गिरणीतल्या बायकांची संख्या रोडावली. हातचं काम गेलेल्या बाईला परवडेल असा धंदा एकच होता: दहा बाय बाराच्या खोलीत चूल पेटवायची आणि खाणावळीचे मेंबर धरायचे.

धंदा म्हणायचा, पण हिशोब सगळा उलटा. मेंबर महिनाभर जेवणार आणि पैसे पगार झाल्यावर देणार. कुणी गावी गेला की तेवढे खाडे वजा. वाणी मात्र थांबत नसे, म्हणून बाई सावकाराच्या दारात जायची आणि कानातलं, मग गळ्यातलं गहाण पडायचं. भोंग्याच्या आधी उठून भाकऱ्या थापायच्या, पाळीप्रमाणे पंगती उठवायच्या, कुणाचा डबा गेटवर पोचवायचा. या राबण्याला कामगार कायद्यात नाव नव्हतं.

गिरण्यांच्या १९७४ च्या मोठ्या संपात पगार थांबले, पण ताटं थांबली नाहीत. संप लढवला युनियनने, पोसला या बायांच्या उधारीने. कामगार चळवळीत मुरलेल्या प्रेमा पुरव यांनी हे नेमकं हेरलं. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सुरुवात अवघ्या चौदा जणींपासून झाली. तारण नाही, सही येत नाही, अशा बायांना एकमेकींच्या जामिनावर बँकेचं कर्ज मिळालं आणि सावकाराचा फास सैल झाला.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेला अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप आजतागायत अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. महिने गेले तसे गडी गावाकडे परतले. खाणावळीचं गिऱ्हाइकच गिरणगाव सोडून गेलं. उद्या कोण जेवायला येणार याचा पत्ता नसताना या बाया नवीन गिऱ्हाईक शोधू लागल्या. कचेऱ्यांचे डबे, कँटीन, लग्नकार्याच्या ऑर्डरी, पुरणपोळ्या. गिरणीमालकांना जमिनीचा भाव कळायला जितकी वर्षं लागली, त्याच्या कितीतरी आधी यांनी आपला धंदा बदलला होता. सगळ्या जणी तरल्या असं मात्र नाही. मंडळाबाहेर राहिलेल्या कित्येकींची नोंदच कुठे नाही.

पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या नोकरीत असलेला कामगार किंवा त्याचा वारस अशी पात्रतेची अट होती. खाणावळवालीचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं. त्यामुळे त्या कामगारांना पिढ्यान्‌पिढ्या जेवू घातलं एवढ्या आधारावर तिला अर्जही करता आला नाही.