न्यूअर्कचा खटला आणि ‘फाइंड मी गिल्टी’ : एका चित्रपटाची साधनचिकित्सा

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क येथील संघीय न्यायालयात २६ ऑगस्ट १९८८ रोजी ज्यूरीने लुकेझी नामक माफिया टोळीच्या २० आरोपींना सर्व आरोपांतून मुक्त केले. हा खटला २१ महिने चालला होता, आणि तोपर्यंतच्या संघीय फौजदारी खटल्यांत तो सर्वाधिक लांबलेला म्हणून ओळखला गेला. एवढ्या प्रदीर्घ कामकाजानंतर निर्णयास मात्र ज्यूरीला अवघे १४ तास पुरले. आरोपींपैकी जॅकोमो ऊर्फ जॅकी डिनॉर्शिओ याने वकील न देता आपला बचाव आपणच केला. याच घटनेवर सिडनी लुमेट या दिग्दर्शकाने २००६ साली ‘फाइंड मी गिल्टी’ हा चित्रपट काढला. वीस जण सुटले कसे, या प्रश्नास चित्रपटाने दिलेले उत्तर सरळ आहे : एका अशिक्षित, वाचाळ, पण दिलदार माणसाने ज्यूरीला हसवले आणि हसता हसता जिंकले. हे उत्तर इतिहासाच्या अभ्यासकाने कितपत स्वीकारावे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

या खटल्याचे स्वरूप समजण्यासाठी प्रथम त्यामागील कायदा पाहावयास हवा. टोळीच्या म्होरक्यावर गुन्हा शाबीत करणे पूर्वी अत्यंत कठीण असे. कारण खंडणी, जुगार वा खून प्रत्यक्ष करणारे हात वेगळे, आणि आज्ञा देणारे तोंड वेगळे. १९७० साली अमेरिकन काँग्रेसने संमत केलेल्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यातील ‘रिको’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या भागाने ही अडचण दूर केली. टोळी हीच एक ‘संस्था’ मानून, तिच्या कारभारासाठी ठरावीक मुदतीत घडलेली किमान दोन गुन्हेगारी कृत्ये दाखविली की त्या कारभारात भाग घेणाऱ्यास शिक्षा देता येऊ लागली. त्यामुळे अनेक आरोपी आणि अनेक वर्षांची कृत्ये एकाच आरोपपत्रात गुंफणे शक्य झाले. सामुदायिक महाखटल्यांचे युग येथून सुरू झाले.

न्यूअर्कचा खटला उभा राहिला तेव्हा हे शस्त्र अमोघ वाटत होते. न्यूयॉर्कमध्ये माफिया टोळ्यांच्या मध्यवर्ती मंडळावर, म्हणजे ‘कमिशन’वर, चाललेल्या खटल्यात नोव्हेंबर १९८६ मध्ये निकालास सामोरे गेलेले सर्व ८ आरोपी दोषी ठरले, लुकेझी टोळीचा प्रमुख अँथनी कोरॅलो हा त्यांपैकीच एक. हेरॉइनच्या व्यापाराविषयीचा ‘पिझ्झा कनेक्शन’ खटला सुमारे १७ महिने चालून मार्च १९८७ मध्ये बहुतेक आरोपींच्या दोषसिद्धीने संपला. अशा परिस्थितीत नोव्हेंबर १९८६ मध्ये न्यायाधीश हॅरॉल्ड अ‍ॅकरमन यांच्यापुढे लुकेझी टोळीच्या न्यू जर्सी शाखेचे प्रकरण सुरू झाले. अँथनी अ‍ॅसेटुरो हा त्या शाखेचा नायक. सरकार पक्षाला यशाची खात्री वाटावी, असाच तो काळ होता.

अशा या खटल्यात डिनॉर्शिओची भूमिका विलक्षण होती. अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी त्याला आधीच ३० वर्षांची शिक्षा झालेली होती. म्हणजे इतर आरोपींच्या मानाने त्याला गमावण्यासारखे थोडेच उरले होते. आपला बचाव आपण करण्याचा त्याचा हक्क मात्र निर्विवाद होता. ‘फॅरेटा विरुद्ध कॅलिफोर्निया’ या १९७५ च्या निवाड्यात अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने, राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन, वकील नाकारण्याचे स्वातंत्र्य आरोपीस आहे असे बहुमताने ठरविले होते. या हक्काचा एक परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. जो आरोपी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो, त्याला शपथ घ्यावी लागते आणि सरकारी वकिलाच्या उलटतपासणीस तोंड द्यावे लागते. परंतु जो स्वतःचाच वकील होतो, तो प्रास्ताविक भाषणात, साक्षीदारांच्या तपासणीत आणि समारोपात ज्यूरीशी थेट बोलतो, आणि त्या बोलण्यावर त्याची उलटतपासणी होत नाही. आपण ‘गँगस्टर’ नसून ‘गॅगस्टर’, म्हणजे केवळ विनोद करणारे आहोत, हा डिनॉर्शिओचा प्रसिद्ध श्लेष या सवलतीच्या छायेतच उच्चारला गेला. त्याचे स्वभावदर्शन हाच पुरावा झाला, आणि तो पुरावा तपासण्याचा मार्ग सरकार पक्षाकडे नव्हता.

चित्रपटाचे सामर्थ्य नेमके येथे आहे. न्यायालयातील पुष्कळसे संवाद खटल्याच्या प्रत्यक्ष नोंदींवरून घेतलेले आहेत. व्हिन डीझेल या नटाने रंगविलेला जॅकी साक्षीदारांना अडखळत, चुकतमाकत प्रश्न विचारतो. न्यायाधीश संतापतात, सहआरोपी चिडतात, आणि ज्यूरी हसते. तथापि संवाद अस्सल असले म्हणून निवड तटस्थ ठरत नाही. प्रमुख पात्रांत डिनॉर्शिओचे नाव तेवढे कायम ठेवून इतरांची नावे बदललेली आहेत : अ‍ॅसेटुरोच्या जागी निक कॅलाब्रेसी येतो, अ‍ॅकरमन यांच्या जागी न्यायाधीश फाइनस्टाइन. एकच मनुष्य इतिहासातला आणि बाकीचे कल्पनेतले, अशी ही मांडणी झाल्यावर कार्यकारणभावाचे सारे ओझे त्या एकाच्या खांद्यावर पडावे यात नवल नाही.

या मांडणीत एक मोठी गोष्ट गळली आहे. १९९३ मध्ये अ‍ॅसेटुरो स्वतःच सरकार पक्षाला मिळाला. आणि न्यूअर्कच्या खटल्यातील एका ज्यूरी-सदस्यास लाच देण्यात आली होती, ही बाब त्या दशकात उघडकीस आली. चित्रपट त्यानंतर अनेक वर्षांनी निघाला; तरी त्याच्या कथेत या गोष्टीस स्थान नाही. हा प्रकार त्या काळी एकाकीही नव्हता. मार्च १९८७ मध्ये ब्रुकलिन येथे जॉन गॉटी निर्दोष सुटला, त्या खटल्यातील एका ज्यूरी-सदस्याने पैसे घेतल्याचे १९९२ मध्ये न्यायालयात सिद्ध झाले. अमेरिकन घटनेनुसार दोषमुक्तीचा निर्णय अंतिम असल्याने असा एक विकत घेतलेला सदस्य टोळीच्या दृष्टीने केवढ्या मोलाचा असे, हे सांगावयास नको.

म्हणून जॅकीचा विनोद हा निव्वळ देखावा आणि लाच हेच खरे कारण, असा निष्कर्ष काढावा काय? तसे करणेही घाईचे ठरेल. संघीय फौजदारी खटल्यात ज्यूरीचा निर्णय एकमताने व्हावा लागतो. एक सदस्य फितूर असेल तर तो दोषसिद्धी अडवू शकतो आणि ज्यूरीत मतैक्य होऊ देत नाही; परंतु उरलेल्या अकरांकडून सर्वच्या सर्व आरोपींची मुक्तता, तीही १४ तासांत, वदवून घेणे त्याच्या एकट्याच्या हातचे नाही. लाचेने टोळीला पराभवापासून अभय मिळाले असेल. विजयाचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

ते कारण बहुतांशी महाखटल्याच्या रचनेतच सापडते. वीस आरोपींपैकी प्रत्येकाविरुद्धचा पुरावा वेगळा लक्षात ठेवावा, एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारू नये, आणि हे सर्व जवळजवळ दोन वर्षे, आपला कामधंदा बाजूस ठेवून करावे, अशी अपेक्षा सामान्य नागरिकांकडून केली गेली. पुराव्याचा डोंगर जितका वाढला, तितका त्यातील प्रत्येक दगड दिसेनासा झाला. न्यायसंस्थेलाही या दोषाची जाणीव झाली होती. पिझ्झा कनेक्शन खटल्याच्या अपिलात न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयाने १९८९ मध्ये असे सुचविले की, चार महिन्यांहून अधिक चालण्याचा संभव असलेल्या सामुदायिक खटल्यासाठी सरकार पक्षाने सबळ कारण द्यावे, आणि आरोपी दहाहून अधिक असल्यास ते कारण विशेष सबळ असावे. ज्या पद्धतीने तेथे सरकारला यश दिले, तिच्याविषयीच न्यायालय साशंक झाले, ही गोष्ट बोलकी आहे.

या प्रकाशात पाहता डिनॉर्शिओच्या विनोदाचे खरे कार्य स्पष्ट होते. कंटाळलेल्या ज्यूरीला वीस निर्विकार चेहऱ्यांत एक ओळखीचा माणूस मिळाला. विनोदाने पुराव्याचे खंडन झाले नाही; पुरावा ऐकणाऱ्यांचे मन मात्र पुरावा सांगणाऱ्यांपासून दूर गेले. महिनोन्‌महिने साचत गेलेला हा थकवा आणि ही जवळीक कागदोपत्री नोंदींतून सहसा कळत नाही. ती दृश्य करणे ही चित्रपटाची ऐतिहासिक कमाई म्हटली पाहिजे.

तिची किंमतही तितकीच मोठी आहे. लुमेटने ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) मध्ये ज्यूरीच्या विवेकावर विश्वास दाखविला होता, तर ‘प्रिन्स ऑफ द सिटी’ (१९८१) मध्ये सहकाऱ्यांविरुद्ध साक्ष देणाऱ्याची तडफड रंगविली होती. निष्ठा आणि फितुरी या द्वंद्वाचे त्याला असलेले आकर्षण येथेही दिसते. शिक्षेत सूट मिळत असूनही जॅकी साथीदारांविरुद्ध साक्ष देत नाही, हाच या कथेचा नैतिक कणा आहे. परंतु ही निष्ठा ज्या टोळीशी होती, तिने ज्यांच्याकडून खंडणी उकळली, ज्यांना दहशतीखाली ठेवले, ती माणसे या चित्रात जवळजवळ अदृश्य आहेत. प्रेक्षक ज्यूरीच्या आसनावर बसतो, आणि ज्यूरीप्रमाणेच हसता हसता त्यांना विसरतो.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकास हा अनुभव नवा नाही. बखरकार नायकाच्या एका वचनावर किंवा एका धाडसावर अख्ख्या मोहिमेचे यश तोलतो, तेव्हा त्याची बखर फेकून द्यावयाची नसते आणि जशीच्या तशी स्वीकारावयाचीही नसते. कागदपत्रांशी ताडून ती कोणत्या गोष्टीची साक्ष देऊ शकते हे ठरवावयाचे असते. वीस जण का सुटले, याबाबत ‘फाइंड मी गिल्टी’ची साक्ष अपुरी आहे. तथापि ज्यूरीच्या आसनावरून हा खटला कसा दिसला असेल, याबाबत ती मोलाची आहे. डिनॉर्शिओ २००२ मध्ये तुरुंगातून सुटला आणि २००४ मध्ये, चित्रीकरण चालू असतानाच, वारला. न्यायालयात त्याच्या शब्दांची उलटतपासणी होऊ शकली नाही. चित्रपटानेही ती केली नाही. ते काम अभ्यासकाकडेच राहिले आहे.