एका पासवर तेहतीस देश



आपल्या श्रोत्यांमध्ये आता अशाही आया आहेत, ज्यांची लेक जर्मनीत नर्स आहे किंवा मुलगा तिकडे शिकायला आहे. लेक फोनवर म्हणते, "आई, तू ये तर खरी. रेल्वेचा पास काढू आणि आठवड्यात चार शहरं बघू." फोन ठेवल्यावर आई आम्हाला विचारते, "देश वेगळे, रेल्वे वेगळी, मग पास एक कसा? आणि पैसे जातात कुणाकडे?" हा दुसरा प्रश्न बचत गटाची वही लिहिणाऱ्या बाईलाच सुचणार! म्हणून आज त्या पासची गोष्ट सांगतो, आणि शेवटी चार शहरांचा बेतही आखून बघू.

एसटीची 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' योजना तुम्हाला ठाऊक असेल. चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि राज्यभर फिरायचं. पण एसटीचं महामंडळ एक, त्यामुळे पैसे कुठल्याही आगारात भरले तरी गल्ला एकच. युरोपात प्रत्येक देशाची रेल्वे वेगळी. आणि ज्या देशांतून आज एका पासवर जाता येतं, ते देश एकाच पिढीत दोनदा एकमेकांशी लढले होते.

त्या लढायांत रेल्वे मधोमध होती. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिल्या महायुद्धाचा शस्त्रसंधी झाला तो फ्रान्समधल्या काँपियेनच्या जंगलात, रेल्वेच्या एका डब्यात. जर्मनीने तिथे हार मानली. जून १९४० मध्ये हिटलरने तोच डबा संग्रहालयातून बाहेर काढायला लावला, त्याच जागी उभा केला आणि त्यात बसवून फ्रान्सची सही घेतली. सूडासाठी डबासुद्धा शोधून काढला माणसाने.

आणि १३ एप्रिल १९४४ ला पॅरिसजवळून एक गाडी निघाली. तिच्यात सोळा वर्षांची सिमोन होती, तिची आई होती आणि थोरली बहीण. ज्यू म्हणून पकडलेली माणसं जनावरांच्या डब्यांत कोंबली होती. गाडी गेली पोलंडमधल्या आउशविट्झच्या छळछावणीला. सिमोनचे वडील आणि भाऊ दुसऱ्या गाडीने गेले, ते परत आलेच नाहीत. आई पुढच्या वर्षी दुसऱ्या एका छावणीत टायफसने गेली. दोघी बहिणी वाचल्या. ही सिमोन पुढे सिमोन व्हेल या नावाने वकिली शिकली, फ्रान्सची आरोग्यमंत्री झाली, गर्भपाताला कायद्याने मान्यता देणारा १९७५ चा कायदा तिने संसदेत शिव्याशाप ऐकत मंजूर करून घेतला. १९७९ मध्ये युरोपातल्या लोकांनी पहिल्यांदा थेट मत देऊन युरोपीय संसद निवडली, तेव्हा तिची अध्यक्ष म्हणून सिमोनलाच निवडलं गेलं. त्या संसदेत जर्मनीचेही प्रतिनिधी बसत होते.

एवढं सगळं झालेल्या रुळांवर एकच तिकीट चालायला लागलं, ते आधीपासून चालत आलेल्या हिशेबाच्या कामामुळे. पहिल्या युद्धानंतर नवे देश झाले, जुन्या रेल्वेमार्गांमधून नव्या सरहद्दी गेल्या. एका देशाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर जायचा तर त्याचं माप काय, भाडं कुणाचं, मोडला तर भरपाई कुणी द्यायची? हे ठरवायला १९२२ मध्ये पॅरिसमध्ये रेल्वेंचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. पुढे ब्रुसेल्सला देण्याघेण्याचं एक कार्यालय चालू लागलं. सगळ्या रेल्वेंनी आपापली येणी-देणी तिथे कळवायची, एकमेकांतून वजा करायची आणि उरलेला फरक तेवढा द्यायचा. आपल्या ग्रामसंघाच्या बैठकीत गटागटांचा हिशेब असाच तर जुळवतो आपण. अशी वही आधी होती, म्हणून पुढे पास निघू शकला.

पास निघाला १९५९ मध्ये. नाव युरेलपास, देश तेरा. पण तो युरोपातल्या माणसासाठी नव्हताच. आदल्या वर्षी अमेरिकेतून युरोपला जेट विमानं सुरू झाली होती. अमेरिकी पाहुणे येत होते, त्यांच्याकडे डॉलर होते, आणि युरोपला डॉलर हवे होते. म्हणून पास युरोपबाहेरच्यांनाच मिळे, तोही पहिल्या वर्गाचा. तिथली विणकरीण किंवा शेतमजुराची पोर तो घेऊच शकत नव्हती. आमच्या मते पासचा खरा इतिहास इथे नाही, तो तेरा वर्षांनी सुरू होतो.

१९७२ मध्ये रेल्वेसंघाला पन्नास वर्षं झाली. त्या निमित्ताने एकवीस वर्षांपर्यंतच्या युरोपातल्या मुलामुलींसाठी एकवीस देशांचा एक महिन्याचा पास काढला. नाव इंटररेल. इंग्लंडमध्ये तो साडेसत्तावीस पौंडांना मिळे. आपल्या देशात निम्मं भाडं, बाहेर मोकळं रान. योजना एकाच वर्षापुरती होती, पण पोरं अशी तुटून पडली की ती बंदच करता आली नाही. पाठीवर पिशवी, रात्र गाडीत काढायची म्हणजे राहण्याचा खर्च वाचला. ज्यांचे आजोबा एकमेकांवर गोळ्या झाडत होते, त्यांची नातवंडं एकाच डब्यात पाव वाटून खायला लागली. वयाची अट पुढे सव्वीसपर्यंत वाढली आणि १९९८ मध्ये मोठ्यांनाही पास मिळू लागला.

सरहद्द मात्र होतीच. मध्यरात्री दार वाजवून पोलीस पासपोर्ट मागायचे. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीवरच्या एका बोटीत, १४ जून १९८५ ला पाच देशांनी ही तपासणी उठवण्याचा करार केला. अंमल व्हायला दहा वर्षं लागली. २६ मार्च १९९५ ला सात देशांमधली तपासणी उठली, मग इतर देश येत गेले. म्हणून आज व्हिसाला 'शेंगेन' म्हणतात. आपल्याला हा व्हिसा लागतोच. पास म्हणजे परवानगी नव्हे, हे आम्ही मुद्दाम ठासून सांगतो. एका व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस या सगळ्या देशांत राहता येतं, सोबत तीस हजार युरोचा प्रवासविमा लागतो. अर्ज करायचा तो जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. इंग्लंड आणि आयर्लंड आज पासमध्ये आहेत, पण त्यांचा व्हिसा वेगळा.

आणि नाव. पासवर नाव असतं आणि गाडीतला तपासनीस ते पासपोर्टशी ताडून बघतो. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि बँकेत तिसरंच. लेक बोलावते म्हटल्यावर आधी हे एक करून घ्या. त्याला पास काढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आता बेत. आज हा पास तेहतीस देशांत चालतो. तो किलोमीटरवर नाही, दिवसांवर विकला जातो. सगळ्यात छोटा पास म्हणजे महिन्यातले कुठलेही चार प्रवासाचे दिवस. एका दिवसात कितीही गाड्या बदला. गंमत अशी, की आई भारतात राहते म्हणून तिने युरेल घ्यायचा आणि लेक जर्मनीत राहते म्हणून तिने इंटररेल. शेजारी बसायचं, पास दोन नावांचे. लेकीला तिच्या राहत्या देशात पास एकदा बाहेर पडायला आणि एकदा परत यायलाच चालतो.

समजा लेक म्युनिकला आहे. पहिल्या दिवशी म्युनिक ते साल्झबुर्ग, पावणेदोन तास. मुक्काम करा. दुसरा प्रवास व्हिएन्ना, अडीच तास. तिथे दोन रात्री राहा. तिसरा प्रवास लांबचा, व्हिएन्ना ते झ्युरिक, सुमारे आठ तास, पण एकच गाडी आणि खिडकीबाहेर आल्प्सचे डोंगर. वाटेत लिश्टेनश्टाइन नावाचा देश लागतो, डबा उघडून दशमी खाईस्तोवर संपतो. चौथा प्रवास झ्युरिकहून परत म्युनिक, साडेतीन-चार तास. चार प्रवास, चार दिवस, पास पुरला. रोज एक शहर असा बेत करू नका. सामान स्वतःच ओढायचं असतं आणि गुडघे आपलेच.

हा मार्ग आम्ही जाणूनबुजून निवडला. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत पास दाखवून सरळ बसता येतं. फ्रान्समध्ये १९८१ ला पॅरिस ते लियाँ वेगवान गाडी सुरू झाली आणि तिच्यात जागा राखून ठेवणं सक्तीचं केलं. मग इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांतही तेच आलं. पास असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे, आणि काही गाड्यांत पासवाल्यांना जागा मोजक्याच. इंटररेलच्या पोरांचं मोकळं रान तिथे आखडलं. पॅरिस, मिलान, माद्रिद असा बेत असेल तर पास आणि वर आरक्षणं मिळून काय पडतं ते आधी मांडा.

छोट्या सहलीत तर मांडाच. लवकर काढलेली सुटी तिकिटं पुष्कळदा पासपेक्षा स्वस्त पडतात. म्युनिक ते साल्झबुर्ग जायला बव्हेरिया प्रांताचं एक दिवसाचं तिकीट असतं, त्यावर पाच जणी मिळून जाऊ शकतात, फक्त साध्या गाडीने. पास फायद्याचा तो लांबच्या प्रवासाला, आणि ज्यांना आयत्या वेळी बेत बदलायचा असतो त्यांना.

राहिला तुमचा प्रश्न, पैसे कुणाकडे जातात. पास विकणारी कंपनी नेदरलँड्समधल्या उट्रेख्टची, मालकी युरोपातल्या रेल्वे आणि बोटींच्या कंपन्यांची. गाडीत बसण्याआधी कुठून कुठे जाणार ते पासमध्ये नोंदवावं लागतं, पूर्वी कागदावर, आता मोबाइलमध्ये. कुठल्या रेल्वेने तुम्हाला किती नेलं ते अशा नोंदींवरून कळतं आणि वाटणी होते. तेव्हा चढण्याआधी नोंद करा. नाहीतर तपासनिसाच्या हिशेबी तुम्ही विनातिकीट.