ऑगस्ट क्रोग : श्वासाचा प्रश्न आणि गुरूशी मतभेद

शिष्याकडून आपला पराभव व्हावा अशी इच्छा खऱ्या गुरूने धरावी, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. परंतु तसा प्रसंग प्रत्यक्ष ओढवला म्हणजे गुरू आणि शिष्य ह्या दोघांचीही कसोटी लागते. डेन्मार्कच्या कोपनहेगन विद्यापीठात विसाव्या शतकाच्या आरंभी असा एक प्रसंग घडला. गुरू होते ख्रिस्तियन बोर, म्हणजे अणुशास्त्रज्ञ नील्स बोर यांचे वडील. आणि शिष्य होते ऑगस्ट क्रोग. वाद होता तुमच्याआमच्या श्वासाविषयी.

क्रोग यांचा जन्म १८७४ साली एका जहाजे बांधणाऱ्याच्या घरी झाला. विद्यार्थिदशेतच त्यांनी डासासारख्या एका कीटकाच्या पाण्यात राहणाऱ्या अळीवर प्रयोग केले. ही अळी अंगातील चिमुकल्या हवेच्या पिशव्यांच्या आधाराने पाण्यात तरंगते. त्या पिशव्यांत कोणते वायू आहेत हे पाहायचे, तर सूक्ष्मदर्शकाखालच्या बुडबुड्याचे पृथक्करण करता आले पाहिजे. क्रोग यांनी त्याची युक्ती शोधून काढली. पुढे ते बोर यांचे साहाय्यक झाले, आणि १९०३ साली बेडकाच्या श्वसनावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

आता मूळ वाद पाहू. फुप्फुसांतील हवेतून प्राणवायू रक्तात जातो, तो कसा? अत्तराचा वास खोलीभर पसरतो त्याप्रमाणे, दाट असलेल्या जागेकडून विरळ असलेल्या जागेकडे तो आपोआप जातो काय? की एखाद्या ग्रंथीतून रस पाझरावा तसे फुप्फुस स्वतः श्रम करून त्याला रक्तात ढकलते? बोर यांचा कौल दुसऱ्या बाजूला होता, आणि तो निराधार नव्हता. माशाच्या अंगात जो वाताशय असतो, त्यात प्राणवायू खरोखरच श्रमपूर्वक साठवला जातो. मग फुप्फुसाने का करू नये? ऑक्सफर्डचे जे. एस. हॉल्डेन, म्हणजे पुढे भारतात स्थायिक झालेल्या जे. बी. एस. हॉल्डेन यांचे वडील, हेही ह्याच मताचे होते. आरंभी क्रोग यांचाही त्यावर विश्वास होता.

तथापि विश्वास निराळा आणि मोजमाप निराळे. अळीच्या वेळची युक्ती येथे कामी आली. वाहत्या रक्तात जेमतेम बाजरीच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा ठेवायचा, त्यातील वायूंचा दाब रक्तातील वायूंशी समतोल होऊ द्यायचा आणि मग तो बुडबुडा तपासायचा. क्रोग आणि त्यांच्या पत्नी डॉ. मारी क्रोग यांनी हे काम नेटाने केले. धमनीतील रक्तात प्राणवायूचा दाब फुप्फुसातील हवेपेक्षा नेहमी थोडा कमीच आढळला. ढकलण्याची गरजच उरली नाही! १९१० साली त्यांनी सात निबंध प्रसिद्ध केले. ह्या निबंधांना उभयतांनी थट्टेने 'सात छोटे सैतान' असे नाव ठेवले होते. गुरूंच्या मताचे खंडन करताना क्रोग यांनी त्यांचे ऋण मात्र स्पष्ट शब्दांत मान्य केले : ज्या पायावर आपण उभे आहोत तो बोर यांनीच घातला आहे. पुढच्याच वर्षी बोर निवर्तले.

खरे उत्तर हाती आले म्हणजे ते नवा प्रश्न घेऊन येते. प्राणवायू जर केवळ आपोआपच पसरतो, तर धावणाऱ्या माणसाच्या स्नायूला एकाएकी कितीतरी अधिक प्राणवायू मिळतो कोठून? क्रोग यांनी असे ताडले की, रक्तापासून पेशीपर्यंतचे अंतरच कमी होत असले पाहिजे. प्राण्यांच्या रक्तात काळी शाई सोडून त्यांनी ते पडताळून पाहिले. विश्रांतीत असलेल्या स्नायूतील पुष्कळशा केशवाहिन्या मिटलेल्या असतात. काम सुरू झाले की त्या उघडतात. ह्या शोधाबद्दल त्यांना १९२० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९२२ साली हे दांपत्य अमेरिकेस गेले. मारी यांना स्वतःला मधुमेह होता. टोरँटो येथे नुकत्याच लागलेल्या इन्शुलिनच्या शोधाची माहिती आणि ते तयार करण्याची परवानगी घेऊनच क्रोग परतले, आणि १९२३ सालापासून डेन्मार्कमधील रोग्यांना ते औषध मिळू लागले.

क्रोग हे पट्टीचे शिक्षकही होते. डॅनिश शाळांसाठी त्यांनी मानवी शरीरक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहिले. १९२९ साली बोस्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी जे सूत्र सांगितले, ते प्राणिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याचा आशय असा की, पुष्कळशा प्रश्नांसाठी सृष्टीत असा एखादा प्राणी सापडतो की, ज्याच्यावर तो प्रश्न सर्वांत सोयीने अभ्यासता येतो. पुढे हेच सूत्र क्रोग यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९४९ साली त्यांचे निधन झाले.

'फुप्फुसांत प्राणवायू रक्तात मिसळतो' हे वाक्य आपली मुले पाठ करतात आणि गुण मिळवतात. त्या एका वाक्यामागे एक अळी, एक बुडबुडा, सात निबंध आणि एका शिष्याची घालमेल आहे, हे त्यांना कोण सांगणार? निष्कर्ष शिकवणे सोपे असते. तो कसा काढला, आणि कोणाच्या मताविरुद्ध काढावा लागला, हे शिकवले तरच त्याला विज्ञानाचे शिक्षण म्हणता येईल. गुरूविषयीचा आदर आणि प्रयोगाशी इमान ह्या दोन गोष्टी एकाच मनात सुखाने नांदतात असे नाही. परंतु त्या नांदवाव्या लागतात. क्रोग यांनी त्या नांदवल्या.