रात्र, रजा आणि विश्रांती : अल्पव्ययी विमानसेवेतील वैमानिकांच्या कामाच्या तासांचा इतिहास (१९९२–२०२५)

‘लो-कॉस्ट एअरलाइन’ या नावाचे मराठी वृत्तपत्रांनी ‘स्वस्त विमानसेवा’ असे भाषांतर केले व ते रूढही झाले. परंतु मूळ नावातील ‘कॉस्ट’ हा उतारूच्या तिकिटाचा दर नव्हे, तो कंपनीचा खर्च होय. उतारूला तिकीट स्वस्त मिळते ते त्या खर्चाच्या आटोपशीरपणामुळे. आणि सणासुदीच्या दिवसांत ते मिळत नाही, हाही अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘स्वस्त’ या विशेषणाने वाचकाचे लक्ष तिकीटखिडकीकडे वळते आणि खर्च कोठे व कोणाच्या वाट्याचा कमी केला जातो हा प्रश्न दृष्टीआड होतो. म्हणून प्रस्तुत लेखात ‘अल्पव्ययी’ हा शब्द योजिला आहे. तो कानाला काहीसा कर्कश लागेल, पण अर्थाला अधिक प्रामाणिक आहे.

या पद्धतीचे मर्म थोडक्यात सांगता येते. ताफ्यात शक्यतो एकाच जातीचे विमान ठेवावयाचे, म्हणजे कोणताही वैमानिक कोणत्याही विमानावर पाठविता येतो. विमान उतरल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पुन्हा उडवावयाचे. दिवसाकाठी ते बारा तास वा त्याहून अधिक हवेत ठेवावयाचे. आणि रात्रीची व पहाटेची उड्डाणे भरपूर योजावयाची. उभे विमान भाडे खाते, उडते विमान उत्पन्न देते. यंत्राच्या बाबतीत हा हिशेब निर्दोष आहे. यंत्रासोबत माणूस जातो, आणि त्याच्या तासांचा हिशेब कोणी व कसा मांडावा, हाच गेल्या तीन दशकांतील वादाचा विषय आहे.

भारतात हा हिशेब मांडण्याचा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा. दीर्घकाळ प्रमाण मानले गेलेले त्याचे परिपत्रक १९९२ सालचे. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा तेव्हा पुस्तकात होता. तो रद्द झाला १९९४ मध्ये. म्हणजे या परिपत्रकाच्या कर्त्यांपुढे प्रामुख्याने सरकारी महामंडळातील वैमानिक होता : त्याची संघटना होती, तिची व्यवस्थापनाशी वाटाघाट चाले, आणि नियमात जे लिहिलेले नसे ते करारात लिहिलेले असे. ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनचे पहिले विमान उडाले; २००५ मध्ये स्पाइसजेट व गोएअर, २००६ मध्ये इंडिगो आली. यांपैकी इंडिगोने एकही विमान उडविण्यापूर्वीच, २००५ च्या पॅरिस प्रदर्शनात, शंभर एअरबस विमानांची मागणी नोंदविली होती. विमाने मागवून मिळतात. कमांडर मागवून मिळत नाही. मुख्य वैमानिकाचा परवाना मिळण्यास किमान १५०० तासांचे उड्डाण लागते, आणि ते तास बहुतांशी दुसऱ्याच्या शेजारी बसून भरावे लागतात. त्यामुळे त्या काळात परदेशी कमांडर मोठ्या संख्येने आणावे लागले, आणि असलेल्या वैमानिकांना पळविण्याची चढाओढ सुरू झाली. ती थोपविण्यासाठी सरकारने राजीनाम्याची मुदत सहा महिन्यांची केली. २०१७ मध्ये कमांडरांसाठी ती एक वर्षाची झाली. नोकरी सोडण्यास वर्षभराची पूर्वसूचना शासनाच्या नियमानेच लागावी, असा दुसरा खाजगी पेशा निदान प्रस्तुत लेखकाच्या माहितीत नाही.

या पार्श्वभूमीवर जुलै २००७ मध्ये महासंचालनालयाने १९९२ च्या परिपत्रकाऐवजी नवे, अधिक विश्रांतीचे नियम काढले. विमान कंपन्यांनी हरकती घेतल्या, आणि मे २००८ मध्ये ते नियम स्थगित होऊन जुने परिपत्रक पुन्हा अंमलात आले. अल्पव्ययी विमानसेवांच्या पूर्वीचे परिपत्रक असे त्यांच्याच भर उत्कर्षकाळात पुनरुज्जीवित झाले. वैमानिकांच्या संघटनांच्या संयुक्त कृतिसमितीने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ती फेटाळली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले व मे २०११ मध्ये तेथेही अपील फेटाळले गेले.

मधल्या काळात मंगळूर घडले. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सकाळी सहाच्या सुमारास टेकडीवरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. विमानात १६६ माणसे होती. त्यांतील १५८ दगावली. एअर इंडिया एक्स्प्रेस ही राष्ट्रीय कंपनीची अल्पव्ययी शाखा, २००५ मध्ये निघालेली. विमानाचा कमांडर परदेशी होता. चौकशी न्यायालयाचे प्रमुख एअर मार्शल भूषण गोखले होते. त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा की, विमान योग्य मार्गाने व वेगाने उतरत नसताही कमांडरने उतरणे सोडले नाही, हे अपघाताचे प्रत्यक्ष कारण. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याविषयी तीन वेळा सुचविले होते. ध्वनिमुद्रकात पहिला सुमारे एक तास चाळीस मिनिटे संभाषण नव्हते, घोरण्याचा आवाज होता. दीर्घ झोपेतून उठल्यानंतर बुद्धीवर राहणारी गुंगी आणि मध्यरात्रीनंतरच्या प्रहरांत शरीराची स्वाभाविक मंदता यांची अहवालाने सहकारक म्हणून नोंद केली.

या दुर्घटनेचा सर्व दोष नियमांवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. अहवालानेही तसे केलेले नाही. पण कर्णिकेतील थकवा ही संघटनांची केवळ तक्रार नसून यंत्रावर मुद्रित होणारी वस्तू आहे, हे त्यानंतर कोणास नाकारता आले नाही. ऑगस्ट २०११ मध्ये नवे नियम निघाले, २०१९ मध्ये त्यांचे संशोधन झाले. वर्षाला १००० तास व सात दिवसांत ३५ तास ही उड्डाणाची मर्यादा आणि आठवड्याला ३६ तासांची सलग विश्रांती, असा त्यांचा सांगाडा होता.

येथे एक पारिभाषिक खुलासा आवश्यक आहे. ‘उड्डाणाचे तास’ विमान उड्डाणासाठी जागेवरून हलल्यापासून परत थांबेपर्यंत मोजले जातात. वैमानिकाची ‘ड्यूटी’ मात्र त्यापूर्वी, विमानतळावर हजर होताच सुरू होते, आणि दोन उड्डाणांमधील खोळंबा तिच्यात येतो. त्याच्या वेतनाचा मोठा भाग पहिल्या मापाने ठरतो, थकवा दुसऱ्याने. पहाटे तीनला घरी येणाऱ्या गाडीची वाट पाहत जागणे तर कोणत्याच मापात येत नाही. महिन्याला सत्तर-ऐंशी तास काम करणारा भाग्यवान मनुष्य, ही वैमानिकाविषयी समाजात दिसणारी असूया या दोन मापांच्या गोंधळातून उपजलेली आहे.

त्याच्या भवितव्याविषयीही असाच संभ्रम आहे. गोंदिया, बारामती, शिरपूर येथील उड्डाणशाळांतून दरवर्षी तरुण बाहेर पडतात. दोनशे तासांच्या परवान्यापासून विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणापर्यंतचा खर्च विमान कंपनीशी संलग्न अभ्यासक्रमात कोटी रुपयांच्या घरात जातो, आणि तो बहुधा घर वा शेत गहाण ठेवून केलेला असतो. विमान कंपन्या कमांडर मिळत नाहीत म्हणून हवालदिल, आणि परवानाधारक तरुण नोकरी मिळत नाही म्हणून हवालदिल, असे चित्र या क्षेत्रात एकाच वेळी दिसते. ज्याला वाढत्या कंपनीत प्रवेश मिळतो तो काही वर्षांत कमांडर होतो. सरकारी महामंडळाच्या काळात एवढी त्वरित बढती दुर्मीळ होती. पण किंगफिशर २०१२ मध्ये, जेट १९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली, आणि थकलेल्या पगारासह वैमानिक रस्त्यावर आले. २०२३ मध्येच पूर्वसूचनेविना गेलेल्या वैमानिकांविरुद्ध आकासा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. सोडणाऱ्यास वर्षभराचे बंधन. बंद पडणाऱ्या कंपनीस मात्र एका रात्रीत दार लावता येते.

जानेवारी २०२४ मध्ये महासंचालनालयाने पुन्हा नवे नियम प्रसिद्ध केले. साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास. ‘रात्र’ मध्यरात्रीपासून पाचऐवजी सहापर्यंत. रात्रीच्या ड्यूटीत सहाऐवजी दोनच अवतरणे. हे १ जून २०२४ पासून लागू व्हावयाचे होते. मार्चमध्ये ते लांबणीवर पडले. वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि अखेर २०२५ च्या १ जुलै व १ नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत अंमलबजावणी ठरली.

रात्र एक तासाने वाढली एवढ्याने काय होते, असे विचारले जाईल. व्यवहारभाषेत रात्र ही अंधाराने ठरते, झोपेने ठरते; नियमाच्या भाषेत ती घड्याळाच्या दोन आकड्यांनी ठरते. जेथे रोस्टर मर्यादेला टेकवूनच आखलेले असते, तेथे या एका तासाने पहाटेची अनेक उड्डाणे दिवसातून रात्रीत येतात, आणि तेवढ्याच उड्डाणांना अधिक वैमानिक लागतात. हे पावणेदोन वर्षे अगोदर ठाऊक होते. तरीही डिसेंबर २०२५ च्या आरंभी, देशांतर्गत वाहतुकीपैकी साठ टक्क्यांहून अधिक भार वाहणाऱ्या इंडिगोचे रोस्टर कोसळले. महासंचालनालयाच्या पुढील निवेदनानुसार ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २५०७ उड्डाणे रद्द झाली, १८५२ विलंबाने गेली व तीन लाखांहून अधिक उतारू अडकले. चौकशीत वैमानिक व विमाने यांचा कमाल वापर करण्यावरचा भर आणि रोस्टरमधील राखीव सवड जवळजवळ नाहीशी करणे ही कारणे पुढे आली. कंपनीस २२ कोटी २० लाख रुपये दंड झाला.

सप्टेंबर २०१७ मध्ये आयर्लंडच्या रायनएअरवरही असाच प्रसंग आला होता. तेथे रजेचे वर्ष मोजण्याची पद्धत बदलली, वैमानिकांच्या साठलेल्या रजा एकदम देय झाल्या, आणि सहा आठवड्यांत सुमारे दोन हजार उड्डाणे रद्द करावी लागली. त्याच डिसेंबरात त्या कंपनीने आपल्या इतिहासात प्रथमच वैमानिक संघटनांना मान्यता देण्याचे कबूल केले. भारतात घटनांनी वेगळे वळण घेतले.

५ डिसेंबर २०२५ रोजी महासंचालनालयाने एक वाक्य मागे घेतले : साप्ताहिक विश्रांतीच्या जागी कोणतीही रजा धरू नये. भाषाभ्यासकाला येथे थबकावे लागते. ‘रजा’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ संमती, अनुमती. ती मागावी लागते, कोणीतरी द्यावी लागते. ‘विश्रांती’च्या पोटात ‘श्रम’ धातू आहे. तिचा संबंध देणाऱ्याशी नसून शिणलेल्या देहाशी आहे. मागे घेतलेले ते वाक्य हा भेद राखीत होते. ते गेल्यावर बहिणीच्या लग्नासाठी घेतलेली दोन दिवसांची रजा ही त्या आठवड्याची विश्रांती म्हणून मांडता येऊ लागली. रात्रीविषयीच्या तरतुदींतूनही इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. वैमानिक संघटनांनी या सवलतींस लेखी विरोध नोंदविला. २००८ मधील स्थगितीविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांपैकी काही वैमानिक तोवर निवृत्तीच्या वयाला पोहोचले असतील.