पत्र पोचलं, पण वाचणार कोण? देवगिरी ते इनबॉक्स

आजचा विषय ऑफिसचा ईमेल. मी कामानं सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे "नवीन मेल सिस्टिममध्ये जुना मेल सापडत नाहीये" हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडतं. आज त्याचं उत्तर इतिहासातून शोधूया, आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही. आपल्या छावणीतून पडेगाव, मिटमिटा करत निघालं की अर्ध्या तासात दौलताबाद. तीच यादवांची देवगिरी.

तेराव्या शतकात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या काळात तिथल्या सचिवालयाचा प्रमुख होता हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत. आज आपण त्याला देवळांच्या बांधणीमुळे ओळखतो, पण त्याचं रोजचं काम होतं राज्याचा पत्रव्यवहार. मोडी लिपी त्यानंच रूढ केली असं परंपरा सांगते. अभ्यासकांमध्ये याबद्दल मतभेद आहेत, पण सरकारी पत्र कसं लिहावं याचे नियम सांगणारे 'मेस्तक' त्याच्या नावावर चालत आले. ऑफिसच्या लिखाणाच्या टिप्स म्हणा ना!

पुढं १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली. दिल्लीशी संपर्क ठेवायचा तर टपाल वेगवान हवं. इब्न बतूतानं त्या टपालाचं वर्णन करून ठेवलंय. घोड्यावरचं टपाल वेगळं आणि पायी धावणाऱ्यांचं वेगळं. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात तांब्याच्या घंटा लावलेली काठी. घंटा वाजल्या की पुढच्या चौकीवरचा माणूस तयार राहायचा. आजच्या भाषेत नोटिफिकेशन! बतूता सांगतो की हे पायी टपाल घोड्यांपेक्षाही लवकर पोचायचं, आणि सुलतान दौलताबादला असला की त्याला पिण्यासाठी गंगेचं पाणीसुद्धा असंच, चाळीस दिवसांच्या वाटेवरून यायचं.

म्हणजे बघा, पत्र पोचवण्याचा प्रश्न चौदाव्या शतकात बऱ्यापैकी सुटला होता. न सुटलेला प्रश्न दुसराच आहे. पोचलेलं पत्र पन्नास, शंभर वर्षांनी वाचणार कोण?

मराठेशाहीतली कागदपत्रं या बाबतीत फार शिस्तीची. कुणी कुणाला लिहितोय त्यावरून मायना ठरायचा: वडीलधाऱ्याला साष्टांग नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद. मग मजकूर, तारीख, आणि शेवटी शिक्का. पत्र संपलं तिथं 'मोर्तब सुद' लिहायचं आणि मर्यादेची मुद्रा उमटवायची. त्यानंतर खाली कुणी ओळ घुसवली तर लगेच कळायचं. नुसती नक्षी नव्हती ती, सुरक्षेची सोय होती.

एवढी शिस्त असूनही काय झालं? मोडी हातानं भराभर लिहायला सोयीची, पण छपाईला अडचणीची. छापखाने आले, पुस्तकं बाळबोध लिपीत निघाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेतून मोडी गेली. आज पुण्याच्या पुरालेखागारात मोडीचे कोट्यवधी कागद आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, पण वाचणारे मोजके.

आपल्या मराठवाड्यात तर याचा दुहेरी फटका. निजामाच्या राज्यात सरकारी भाषा आधी फारसी, मग १८८० च्या दशकापासून उर्दू. १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं, कारभाराची भाषा बदलली, आणि जुन्या नोंदी एकदम परक्या झाल्या. ही फक्त इतिहासप्रेमींची अडचण आहे असं समजू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कार्यालयांतली जुनी दप्तरं उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, एका घराचं प्रमाणपत्र एका ओळीवर अडलं होतं आणि ती ओळ घरातल्या कुणालाच वाचता येत नव्हती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि ईमेल आला. पण मराठी मेल? तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरीची चित्रं बसवायचे. तुमच्याकडे तो फॉन्ट असेल तर मराठी दिसायचं, नसेल तर नुसता कचरा. गंमत म्हणजे युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती. सवय बदलायला पुढची वीस वर्षं लागली. अजूनही कित्येक कार्यालयांतल्या जुन्या फाइल अशा फॉन्टमध्ये अडकून आहेत. तीच मोडीची गोष्ट, फक्त शंभर वर्षांऐवजी वीस वर्षांत घडलेली. आणि मोडीला स्वतःला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली.

आज पुन्हा एकदा सगळं दप्तर हलतंय. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची मेल खाती एनआयसीकडून झोहोच्या यंत्रणेवर गेल्याची बातमी ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये देशातल्या ६२ छावणी परिषदांसाठी 'ई-छावणी' पोर्टल सुरू झालं, त्यात आपली छावणीही आली. खासगी कंपन्याही दर काही वर्षांनी सिस्टिम बदलतातच. बदल वाईट नाही. पण दप्तर हलवताना काय हरवतं, हे आपण वर पाहिलं. म्हणून इतिहासातून निघालेल्या पाच टिप्स.

एक. मराठी लिहायचं ते युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टमधली फाइल बदलून घेतलीत तर आकडे, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. गडबड तिथंच होते.

दोन. सब्जेक्टमध्ये काम, फाइल आणि तारीख लिहा. 'अर्जंट' किंवा 'बोलल्याप्रमाणे' असा सब्जेक्ट तीन वर्षांनी कुणालाच सापडणार नाही.

तीन. चॅटवर ठरलेली गोष्ट मेलवर आणा. "आज असं ठरलं, जबाबदारी यांची, मुदत ही" एवढ्या तीन ओळी पुरे. हेच तुमचं 'मोर्तब सुद'.

चार. अंतिम कागद लिंक म्हणून पाठवू नका. ती लिंक एखाद्याच्या वैयक्तिक ड्राइव्हवरची असते. तो माणूस नोकरी सोडतो, खातं बंद होतं आणि मेलमध्ये उरतो फक्त मेलेला पत्ता. पीडीएफ जोडा, नाहीतर टीमच्या सामायिक जागेत ठेवा.

पाच. सिस्टिम बदलताना 'मेल आले' एवढ्यावर समाधान मानू नका. आयमॅप पद्धतीनं मेल आणि फोल्डर येतात. कॅलेंडर, कॉन्टॅक्ट आणि तुम्ही लावलेले नियम येत नाहीत, ते वेगळे हलवावे लागतात. कंपनीची परवानगी असेल तर महत्त्वाचे मेल ईएमएल किंवा एमबॉक्समध्ये काढून ठेवा. या रचना बऱ्याच प्रोग्राममध्ये उघडतात. आणि जुनी सिस्टिम बंद व्हायच्या आधी पाच वर्षांपूर्वीचा एखादा मेल, अटॅचमेंटसकट, नव्या ठिकाणी उघडून बघा.

हेमाडपंताच्या कचेरीतल्या कारकुनाला माहीत नव्हतं की आपलं अक्षर पुढं कुणाला वाचावं लागेल. आपल्यालाही माहीत नाही. जागा, पगार, पेन्शन, कंत्राट, सगळं आता मेलवरच आहे. त्यातला एखादा मेल कुणाच्या तरी हक्काचा पुरावा ठरेल, तेव्हा तो उघडला पाहिजे.

तुमच्या ऑफिसात जुन्या फॉन्टमधल्या फाइल असतील तर कळवा, त्यांच्यावर एक वेगळा भाग करू. तोपर्यंत, बहुत काय लिहिणे! भेटू पुढच्या भागात.