तांबसो, तापी आणि आहूखाना

गेल्या पावसाळ्यात आम्हा चौघा मित्रांचा बेत शिजत होता. ऑक्टोबरात दर्या निवळला की मालीमहून होडी भाड्याने घ्यायची आणि तांबसोसाठी गळ टाकायचे. भाडे किती, बर्फ कोण आणणार, कोणाला बोट लागते, यातच महिना गेला. मग एकाच्या घरी आजारपण आले आणि बेत राहिला.

त्याच दिवसांत बुऱ्हाणपूरला जाणे झाले. तापीच्या काठी शाही किल्ला आणि पैलतीरी जैनाबादेत आहूखाना. आहू म्हणजे हरीण. मोगलांनी शिकारीसाठी राखलेली ही बाग. हौसेला मोल नसलेली माणसे ती! जहांगीराने १६०७ साली हसन अब्दालला जाळ्यात आलेल्या माशांच्या नाकात मोती ओवून त्यांना परत पाण्यात सोडले, असे त्यानेच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. आमचा तांबसो मात्र थेट कढईत गेला असता.

१७ जून १६३१ रोजी मुमताज महल बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात वारली. तिला पुरले ते या जैनाबादेच्या बागेतच. जिथे शिकारीचे बेत रंगायचे, तिथे सहा महिने तिची कबर होती. डिसेंबरात शव आग्र्याला नेले.

ही तापी पुढे सुरतेजवळ आपल्याच अरबी समुद्राला मिळते. घाटावरूनच मित्राला फोन लावला. म्हटले, घरचे माणूस बरे होऊ दे, होडी आपण नंतर ठरवू.