चौथ्या हाताचा इतिहास

अमिनो आम्लाच्या अल्फा-कार्बनला चार हात. एका हाताला अमिनो गट, दुसऱ्याला आम्लगट, तिसऱ्याला बाजूची साखळी आणि चौथ्याला एकटा हायड्रोजन. मी बायोकेमिस्ट्री शिकवते. विद्यार्थी पहिले तीन घोकून येतात, पण मला चौथ्याचा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ युरी यांनी 1931 साली ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, शोधला. 1933 मध्ये नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले रुडॉल्फ शोनहायमर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले. युरींचेच विद्यार्थी डेव्हिड रिटेनबर्ग यांच्या साथीने त्यांनी जड अणूंची खूण केलेले पदार्थ उंदरांना खाऊ घातले. साखळीत ड्यूटेरियम आणि अमिनो गटात जड नायट्रोजन असलेले ल्यूसिन दिले, तर त्याचा नायट्रोजन इतर अमिनो आम्लांमध्येही सापडला. लायसिनने मात्र दाद दिली नाही. परक्या नायट्रोजनला त्याने जवळ केले नाही.

ही देवाणघेवाण घडते कशी, याचा धागा मॉस्कोत हाती लागला. 1937 मध्ये अलेक्झांडर ब्राउनस्टाइन आणि मारिया क्रिट्समान यांनी कबुतराच्या छातीच्या स्नायूचा खिमा वापरून दाखवले, की ग्लुटामेटचा अमिनो गट पायरुव्हेटकडे जातो आणि अ‍ॅलानिन तयार होते. हे घडवणारी एन्झाइम्स म्हणजे अमिनोट्रान्सफरेज. आपल्या रक्ततपासणीतली एसजीपीटी त्यांपैकीच एक.

1947 मध्ये कोनिकोव्हा, डॉबर्ट आणि ब्राउनस्टाइन यांनी जाहीर केले, की अमिनोट्रान्सफरेजच्या सान्निध्यात अल्फा-हायड्रोजन सैल होतो. जड पाण्यात त्याच्या जागी ड्यूटेरियम येऊन बसतो. साध्या रासायनिक चाचणीला अमिनो आम्ल जसेच्या तसे दिसते, पण आत अणू बदललेला असतो.

1976 मध्ये आर्थर कूपर यांनी अ‍ॅलानिनवर हेच एनएमआर या चुंबकीय तंत्राने तपासले. आलेखात अ‍ॅलानिनचा मिथाइल गट जुळ्या शिखरांनी दिसतो, कारण शेजारच्या अल्फा-हायड्रोजनचा त्याच्यावर प्रभाव असतो. त्या जागी ड्यूटेरियम आला की जुळी शिखरे मिटून मध्ये एकच उरते. पुढे मिथाइलचे हायड्रोजनही बदलत जातात आणि तेही शिखर खचते. वर्गात हे आलेख एकाखाली एक लावले की एन्झाइमचे काम डोळ्यांनी दिसते.

हायड्रोजन उचलतो कोण? अ‍ॅस्पार्टेट अमिनोट्रान्सफरेजमध्ये 258 व्या जागी एक लायसिन आहे. आधी ते बी-6 जीवनसत्त्वापासून बनलेल्या पायरिडॉक्सल फॉस्फेट या एन्झाइमच्या सहायक रेणूला धरून असते. अमिनो आम्ल आले की ती जागा सोडून मोकळे होते. 1989 मध्ये टोनी आणि कर्श यांनी ते लायसिन बदलून अ‍ॅलानिन घातले, तेव्हा एन्झाइम जवळजवळ ठप्प झाले. बाहेरून साधे अमाइन मिसळताच पुन्हा चालू लागले. म्हणजे हायड्रोजनची ने-आण करणारे लायसिनच. शोनहायमरांच्या उंदरांत या व्यवहारापासून अलिप्त राहिलेले अमिनो आम्ल एन्झाइमच्या आत मात्र सगळा व्यवहार चालवते.